कोणतें काम आधीं?

सणाच्या दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांत डोकावून पाहिलें असेल तर एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आली असेल. पुरणपोळी करावयाची म्हणजे आधीं हरभऱ्याची डाळ शिजली पाहिजे. ती शिजल्यावांचून कट निघत नाहीं, आणि कट निघाल्यावांचून आमटी होत नाहीं. कट काढून घेतलेल्या डाळींत गूळ घालून ती आटवावी, मग पुरणयंत्रांतून फिरवावी, तेव्हां पुरण तयार होतें. कणीक मात्र या सर्वांची वाट पाहत नाहीं. डाळ चुलीवर असतांनाच ती तिंबून ठेवितां येते. परंतु पोळी लाटावयास बसावें तर कणीक व पुरण हीं दोन्ही हाताशीं असावीं लागतात. घरांतील आई किंवा आजी हा सर्व क्रम कोठेंही लिहून न ठेवितां बिनचूक संभाळते. तिला कोणी विचारलें कीं, "हें आधीं कां, आणि तें मागून कां?" तर ती हंसेल; कारण तिच्या दृष्टीनें तो प्रश्नच नव्हे.

परंतु हाच प्रश्न संगणकापुढें मांडला कीं तो गंभीर होतो. संगणकास आजीचें शहाणपण नाहीं. त्यास जीं कामें ज्या क्रमानें सांगावीं तीं तो त्याच क्रमानें करितो. क्रम चुकला तरी तो थांबत नाहीं, कुरकुरत नाहीं, आणि पुष्कळ वेळां कांहीं चुकलें आहे असें दर्शवीतही नाहीं. कामांचा योग्य क्रम लावण्याची एक सोपी रीत या लेखांत आम्ही समजावून देणार आहों. ती शिकण्यास बेरीज-वजाबाकीपलीकडचें गणित लागत नाहीं. परंतु ती वेळीं न वापरल्यामुळें आमच्या हातून काय घडलें, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत वार्षिक परीक्षेचे निकाल तयार करण्याचें काम आमच्याकडे होतें. त्याकरितां आम्हीं स्वतःच एक आज्ञावली लिहिली होती, आणि ती दोन वर्षें बिनतक्रार चालली होती. तिच्यांत हजेरीचे दिवस मोजण्याचें काम अगदीं शेवटीं, प्रगतिपुस्तक छापण्याच्या जरा आधीं होत असे; कारण हजेरीचा आंकडा केवळ छापण्यापुरताच लागत असे. तिसऱ्या वर्षीं शाळेनें नवा नियम केला कीं, ज्याची हजेरी शेंकडा ७५ भरली असेल त्यासच सवलतीचे गुण द्यावे. आम्हीं सवलतीच्या भागांत ही अट दोन ओळींत घातली, त्या दोन ओळी पुनः पुनः वाचून पाहिल्या, आणि निश्चिंत झालों.

निकाल फळ्यावर लागला. दुसऱ्या दिवशीं इयत्ता नववींतील एका मुलीचे वडील शाळेंत आले. मुलीस गणितांत ३२ गुण होते. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत. तीन गुणांची सवलत तिला सहज मिळावयास हवी होती, आणि वर्षभरांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, निकाल संगणकानें लावलेला आहे, त्यांत हात घालण्याचें कारण दिसत नाहीं. ते गृहस्थ शेतकरी होते. त्यांनीं टोपी हातांत घेतली आणि शांतपणें म्हणाले, "सर, यंत्र खोटें बोलत नाहीं म्हणतात. मग माझी पोर वर्षभर शाळेंत येत होती, तें खोटें काय?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं हजेरीपट पुढें घेऊन आम्ही बसलों, तेव्हां मध्यरात्रीच्या सुमारास उलगडा झाला. सवलतीचे गुण देण्याची वेळ आली तेव्हां हजेरी मोजण्याचें काम अद्यापि व्हावयाचेंच होतें. हजेरीची जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेंत शून्य होतें. सबब संगणकाच्या मतें शाळेंतील प्रत्येक मूल वर्षभर गैरहजर होतें, आणि कोणासही सवलत मिळाली नव्हती. अशीं सात मुलें आम्हांस सांपडलीं. दुसऱ्या दिवशीं दुरुस्त केलेला निकाल लागला. त्या मुलीच्या घरीं आम्ही स्वतः गेलों व तिची क्षमा मागितली. तिनें दोन दिवस उंबरठा ओलांडला नव्हता, असें तिच्या आईकडून समजलें.

आमच्या आज्ञावलींतील एकही ओळ चुकीची नव्हती. चुकला होता तो कामांचा क्रम. आणि तो क्रम नवा नियम येईपर्यंत बरोबरच होता, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मोठी आज्ञावली एकाच दमांत लिहीत नाहींत. तिचे लहान लहान भाग करितात. प्रत्येक भागास एक नांव देतात, आणि त्याच्याकडून एकच ठराविक काम करून घेतात. अशा भागास सबरूटीन म्हणतात. आम्ही त्यास येथें 'पोटकार्य' म्हणूं. ही कल्पना संगणकाच्या बाल्यावस्थेंतीलच आहे. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं एडसॅक नांवाचा संगणक बांधला गेला, आणि ६ मे १९४९ रोजीं त्यानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून आपलें पहिलें काम केलें. नेहमीं लागणारीं पोटकार्यें छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर तयार ठेवून त्यांचा संग्रह करण्याची प्रथा तेथेंच रुजली. त्या कामांत डेव्हिड व्हीलर या तरुणाचा वांटा मोठा होता. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल या तिघांनीं या पद्धतीवर १९५१ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें.

भाग वेगळे झाले कीं त्यांचा क्रम लावण्याचा प्रश्न आपोआपच उत्पन्न होतो. एका पोटकार्यास दुसऱ्याचें उत्तर लागत असेल, तर पहिलें दुसऱ्यावर अवलंबून आहे असें आपण म्हणूं. आमच्या निकालाच्या आज्ञावलींत नऊ पोटकार्यें होतीं. प्रत्येकास एक अक्षर देऊन तें कोणावर अवलंबून आहे तें पुढें मांडलें आहे.

क. विद्यार्थ्यांची यादी वाचणें. कोणावरही अवलंबून नाहीं.
ख. लेखी परीक्षेचे गुण भरणें. क वर अवलंबून.
ग. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण भरणें. क वर अवलंबून.
घ. प्रत्येक विषयाची बेरीज करणें. ख व ग वर अवलंबून.
च. हजेरीचे दिवस मोजणें. क वर अवलंबून.
छ. सवलतीचे गुण देणें. घ व च वर अवलंबून.
ज. उत्तीर्ण कोण, अनुत्तीर्ण कोण, तें ठरविणें. छ वर अवलंबून.
झ. उत्तीर्णांचे क्रमांक लावणें. ज वर अवलंबून.
ट. प्रगतिपुस्तक छापणें. च, ज व झ वर अवलंबून.

एका कागदावर हीं नऊ अक्षरें लिहा. ज्यावर दुसरें काम अवलंबून आहे त्या कामापासून त्या दुसऱ्या कामाकडे बाण काढा. क पासून ख, ग व च यांकडे तीन बाण जातील. ख पासून घ कडे एक जाईल. आणि याप्रमाणें सर्व मिळून बारा बाण होतील. ज्या क्रमांत प्रत्येक बाण मागून पुढेंच जातो, उलटा एकही येत नाहीं, तो क्रम निर्दोष होय. आमच्या चुकलेल्या क्रमांत च पासून छ कडे जाणारा बाण उलटा पडला होता. बारांपैकीं अकरा बाण बरोबर होते. परंतु सात मुलांचें वर्ष वायां घालविण्यास तो एक पुरेसा होता.

आतां क्रम लावण्याची रीत पाहा. प्रत्येक अक्षराखालीं, त्याकडे किती बाण येतात ती संख्या लिहा. क खालीं ० येईल. ख, ग, च, ज व झ यांखालीं प्रत्येकीं १. घ व छ यांखालीं २. आणि ट खालीं ३. ही संख्या म्हणजे त्या कामास अद्यापि किती कामांची वाट पाहावयाची आहे याचा हिशेब. ज्याखालीं शून्य आहे त्यास कोणाचीही वाट पाहावयाची नाहीं. तें उचला, क्रमांत लिहा, आणि त्यापासून निघणारे बाण खोडून टाका. बाण खोडला कीं ज्याकडे तो जात होता त्याच्या संख्येंतून एक वजा करा. मग पुनः शून्य शोधा. एका वेळीं अनेक शून्यें असलीं तर त्यांपैकीं कोणतेंही घ्यावें. आपण जें आधीं शून्य झालें तें आधीं घेऊं.

प्रथम क उचलला. त्याचे तीन बाण खोडतांच ख, ग व च यांच्या संख्या शून्य झाल्या. ख उचलला, घ ची संख्या २ ची १ झाली. ग उचलला, घ शून्य झाला. आतां च व घ हे दोन तयार आहेत. त्यांत च आधींपासून थांबलेला. तो उचलला, तेव्हां छ ची संख्या २ ची १ व ट ची ३ ची २ झाली. घ उचलला, छ शून्य झाला. छ उचलला, ज शून्य झाला. ज उचलला, झ शून्य झाला व ट ची संख्या १ राहिली. झ उचलला, ट शून्य झाला. शेवटीं ट उचलला. क्रम लागला तो असा: क, ख, ग, च, घ, छ, ज, झ, ट. हजेरीचा च सवलतीच्या छ पूर्वीं आपोआप येऊन बसला आहे. हें कागदावर करावयास आम्हांस पाव तासही लागला नाहीं. तो पाव तास आम्हीं निकालापूर्वीं दिला नव्हता, एवढेंच.

या रीतींत श्रम किती पडतात तेंही मोजून पाहा. प्रत्येक काम एकदां उचललें जातें आणि प्रत्येक बाण एकदां खोडला जातो. नऊ कामें व बारा बाण, म्हणजे एकवीस कृति. कामें व बाण हजार पटींनीं वाढले तरी श्रमही तितक्याच पटींनीं वाढतील. याउलट, कोणी नऊ कामांचे सर्व संभाव्य क्रम लिहून त्यांतील बरोबर क्रम निवडावयास बसेल, तर त्यास ३,६२,८८० क्रम लिहावे लागतील. त्यांपैकीं निर्दोष किती? क सर्वांच्या आधीं हवा, आणि छ, ज, झ, ट हे याच अनुक्रमानें शेवटीं हवे. मध्यें ख, ग, घ व च उरतात. घ हा ख व ग यांच्या मागून यावा म्हणून त्या तिघांचे दोनच क्रम होतात. आणि च त्या तिघांच्या आधीं, मध्यें अथवा शेवटीं मिळून चार जागीं बसूं शकतो. दोन गुणिले चार, म्हणजे आठ. पावणेचार लक्षांच्या आंत-बाहेर क्रमांत निर्दोष क्रम आठच! नशिबावर विसंबून बरोबर क्रम साधण्याची आशा किती थोडी असते, तें यावरून समजेल.

एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, शून्य संख्येचें काम नेहमीं सांपडेलच कशावरून? प्रश्न योग्य आहे, व त्याचें उत्तर सुंदर आहे. कोणतेंही एक काम घ्या. तें कोणाचीही वाट पाहत नसेल तर शून्य सांपडलेंच. पाहत असेल, तर ज्याची वाट पाहतें त्याकडे जा. तेंही वाट पाहत असेल तर आणखी मागें जा. कामें नऊच आहेत. असें मागें मागें जातांना कोठेंच थांबलों नाहीं, तर दहाव्या मुक्कामापर्यंत आपण एखाद्या कामाशीं दुसऱ्यांदा येऊन पोंचूं. म्हणजे तें काम फिरून फिरून स्वतःचीच वाट पाहत आहे! यास चक्र म्हणतात. चक्र नसेल तर मागें जाणें कोठें तरी थांबतें, आणि जेथें तें थांबतें तेंच शून्य. तें काम काढून घेतल्यावर उरलेल्यांत नवें चक्र उत्पन्न होत नाहीं. म्हणून त्यांतही पुनः शून्य सांपडतें, आणि शेवटपर्यंत सांपडत राहतें.

चक्र हें केवळ पुस्तकी भय नव्हे. पुढल्या वर्षीं शाळेनें नियमांत आणखी भर घातली कीं, जो एकाच विषयांत अनुत्तीर्ण असेल त्यासच सवलतीचे गुण द्यावे. या वेळीं आम्हीं आधीं कागद घेतला. सवलत द्यावयाची तर अनुत्तीर्ण कोण तें ठरलें पाहिजे, म्हणून छ हा ज वर अवलंबून झाला. आणि ज तर छ वर अवलंबून होताच. वरील रीत चालविली असतां क, ख, ग, च व घ हीं पांच कामें उचललीं गेलीं, आणि पुढें सर्व थांबलें. छ, ज, झ व ट यांपैकीं एकाचीही संख्या शून्य होईना. येथें दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, रीत आपलें अपयश लपवीत नाहीं. कामें उरलीं आणि शून्य नाहीं, म्हणजे चक्र आहेच. दुसरी ही कीं, उरलेलें प्रत्येक काम चक्रांतलेंच असतें असें नाहीं. झ व ट हे बिचारे चक्रांत नव्हते. ते चक्राच्या मागें अडकले होते.

चक्र कितीही हुशारीनें क्रम लावून सुटत नाहीं. त्यासाठीं कामाचाच पुनः विचार करावा लागतो. आम्हीं विचार केला तेव्हां दिसून आलें कीं, ज या एका नांवाखालीं आम्ही दोन निरनिराळीं कामें लपवीत होतों. सवलतीपूर्वीं मूल किती विषयांत कमी पडतें तें पाहणें हें एक. आणि सवलतीनंतर अखेरचा निर्णय देणें हें दुसरें. पहिलें घ वर अवलंबून, सवलत पहिल्यावर व हजेरीवर अवलंबून, आणि अखेरचा निर्णय सवलतीवर अवलंबून. असे दोन भाग करितांच चक्र तुटलें, व दहाही कामें एका ओळींत सुखानें बसलीं. पुष्कळ वेळां दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत असें आपणांस वाटतें, तेव्हां त्यांपैकीं एक खरोखर दोन गोष्टींची जोडी असते.

ही रीत आम्हीं शोधलेली नाहीं, हें सांगावयास नकोच. आर्थर कान यांनीं १९६२ सालीं ती एका लहानशा निबंधांत मांडली. त्या रीतीस टोपॉलॉजिकल सॉर्ट असें भारदस्त नांव आहे. त्या नांवानें घाबरूं नये. त्या काळीं मोठमोठ्या कामांच्या आंखणीकरितां पर्ट नांवाची पद्धति प्रचारांत आली होती. अमेरिकेच्या नौदलानें १९५८ च्या सुमारास पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठीं ती तयार केली होती. तींत हजारों कामांचीं जाळीं मांडावीं लागत, आणि तीं क्रमवार लावण्याचें काम संगणकाकडे देणें भाग होतें. डोनाल्ड कनूथ यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुविख्यात ग्रंथाच्या पहिल्या खंडांत या विषयाचें विवेचन केलें, आणि तेव्हांपासून तो संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठांत आला आहे.

आमच्या आकृतींत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ख, ग व च हीं तीन कामें एकमेकांवर अवलंबून नाहींत. तीन शिक्षक तीं एकाच वेळीं करूं शकतील. परंतु क, ख, घ, छ, ज, झ, ट ही सात कामांची सांखळी अशी आहे कीं तिच्यांतील प्रत्येक काम मागच्याची वाट पाहतें. म्हणून नऊ माणसें लाविलीं तरी सातांहून कमी टप्प्यांत निकाल हातीं येणार नाहीं. काम लांबलें म्हणजे माणसें वाढवावीं, असें आपण सहज म्हणतों. परंतु सर्वांत लांब सांखळी माणसें वाढवून आंखूड होत नाहीं.

क्रम नेहमीं एकाच दिशेचा असतो असेंही समजूं नये. युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालींत टी-सॉर्ट नांवाची आज्ञा आहे, ती मुळांत पोटकार्यांच्या संग्रहाकरितांच होती. निरनिराळीं पोटकार्यें जोडून एक आज्ञावली सिद्ध करणाऱ्या साधनास लिंकर म्हणतात. जुना लिंकर संग्रह एकदांच, आरंभापासून अखेरपर्यंत वाचीत असे, आणि तोंवर ज्याची मागणी झाली असेल तेंच पोटकार्य उचलीत असे. म्हणून संग्रहांत, मागणारें आधीं व ज्यास मागितलें तें नंतर, असा क्रम ठेवावा लागे. काम करितांना ज्यावर अवलंबून तें आधीं. जोडतांना तेंच मागून. बाण तेच, परंतु आपण कोणता प्रश्न विचारीत आहों त्याप्रमाणें ते वाचावे लागतात.

या विषयांतील आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. १९७६ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन काम करीत असत. त्यांच्या एका सहकाऱ्याची सारी सकाळ आज्ञावलींतील चूक शोधण्यांत गेली. आणि शेवटीं असें दिसलें कीं चूक तर आधींच दुरुस्त झाली होती, परंतु दुरुस्त केलेला भाग नव्यानें तयार करून जोडावयाचाच राहिला होता. स्वतः फेल्डमन यांस हाच अनुभव आला होता. तेव्हां त्यांनीं 'मेक' नांवाचें साधन लिहिलें. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे तें माणसानें एकदां लिहून ठेवावें. मग कोणते भाग जुने झाले आहेत तें पाहून, योग्य क्रमानें तेवढेच पुनः तयार करण्याचें काम साधनानें करावें, अशी ही योजना. तिच्याबद्दल त्यांस २००३ सालचा एसीएम या संस्थेचा पुरस्कार मिळाला, आणि मेक आजही वापरांत आहे.

परंतु त्याच मेकमध्यें एक उणीवही राहून गेली. आज्ञेची ओळ टॅब या रिकाम्या खुणेनेंच सुरू झाली पाहिजे, असा त्यांत नियम होता. साध्या रिकाम्या जागा व टॅब डोळ्यांस सारख्याच दिसतात, त्यामुळें नवशिक्यांची फार फसगत होते. फेल्डमन यांस हें लवकरच समजलें होतें. परंतु तोंवर साधन वापरणारे सुमारें डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची गैरसोय करणें त्यांच्या जिवावर आलें. डझनाचे पुढें असंख्य झाले, आणि तो नियम तसाच राहिला. दुरुस्ती करण्याची वेळ डझनभर लोक असतांनाच असते, हा यांतील बोध होय.

आतां पालकांस दोन शब्द. आपलें मूल बीजगणितांत अडखळतें, तेव्हां आपण त्यास बीजगणिताचेंच आणखी एक पुस्तक आणून देतों. तें पुस्तक उघडण्यापूर्वीं एका कागदावर बाण काढून पाहावे. बीजगणित अपूर्णांकांवर अवलंबून आहे, अपूर्णांक भागाकारावर, आणि भागाकार पाढ्यांवर. जेथें मागचें काम राहिलें असेल तेथें मुलाच्या मनांतही, आमच्या आज्ञावलींतल्याप्रमाणें, एक रिकामी जागा असते. आणि आपण तिला मुलाचें शून्य समजतों. पुष्कळ मुलें मंद नसतात. त्यांस मधलें एक काम व्हावयाचें राहिलेलें असतें. तें कोणतें, हें मागें मागें जाऊन शोधणें हें शिक्षकाचें व पालकांचें काम आहे, मुलाचें नव्हे.

विद्यार्थ्यांनीं मात्र दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवावी. यंत्र सांगेल तें खरें, असें मानूं नये, आणि यंत्र लबाड असेंही मानूं नये. नवा नियम, नवी अट, नवी ओळ घालावयाची असेल तेव्हां ती ओळ बरोबर आहे का, एवढेंच विचारणें पुरेसें नाहीं; ती कोणाची वाट पाहूं लागली आहे, हेंही विचारलें पाहिजे. अवलंबन मनांत ठेवलें कीं विसरतें. कागदावर ठेवलें कीं तेंच आपणांस सावध करितें. निकाल लावण्यापूर्वीं नऊ अक्षरांचा तो कागद आम्ही आजही पुढें ठेवितों. त्याच्या एका कोपऱ्यांत ३२ हा आंकडा लिहिलेला आहे.

अभ्यास

१. आरंभीं दिलेल्या पुरणपोळीच्या स्वयंपाकांतील कामांचे बाण काढा, प्रत्येकाखालीं संख्या लिहा, आणि क्रम लावा. दोन माणसें असल्यास कोणतीं कामें एकाच वेळीं होतील?

२. सवलतीस हजेरीची अट नाहीं असें धरा. म्हणजे च पासून छ कडे जाणारा बाण खोडा. अशा वेळीं निर्दोष क्रम ८ ऐवजीं १४ होतात, हें दाखवा. आमचा जुना क्रम त्या १४ मध्यें होता काय?

३. तुम्हांस जड जाणारा एक धडा निवडा. तो ज्या धड्यांवर अवलंबून आहे त्यांचे बाण मागें मागें काढीत जा. कोठें रिकामी जागा सांपडली तर आम्हांस येऊन सांगा. आपण तेथूनच आरंभ करूं.